जावयाचं घड्याळ

घड्याळ आलं ते करंज्यांच्या डब्यातून.

सीमांतपूजनाला अजून अवकाश होता. सुरवण्याच्या किनाऱ्यावरच्या त्या आलिशान रिसॉर्टमध्ये वधूपक्षाला मिळालेल्या खोलीत शलाकाची आई ओटीचे नारळ पुसून ठेवत होती, अप्पा नव्या सदऱ्याची बटणं लावत होते आणि शलाका मेंदीचे हात पसरून बसली होती. वरमाय विभाताई हर्डीकर दारात आल्या, बाहेरून कोणी पाहत नाही ना याची खात्री करून घेतली आणि डबा अप्पांच्या हातात ठेवला. वर करंज्या, करंज्यांखाली कागद, कागदाखाली शिसवी पेटी.

"भाऊ, गैरसमज करून घेऊ नका हं," विभाताई म्हणाल्या. "आमचं काही मागणं नाही, हे तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगितलंय. पण आज स्टेजवर तुम्ही जावयाला घड्याळ देणार, ते एवढं हे द्या. आमची कंपनीच घड्याळांची. निहारच्या मनगटावर दुसरं काही दिसलं तर चारचौघांत कसं दिसेल?"

अप्पांचा हात नकळत खिशाकडे गेला. खिशात घड्याळ होतं. रत्नागिरीच्या दुकानात खेपा घालून, पट्टा बदलून घेऊन आणलेलं, स्टीलचं, वार-तारीख दाखवणारं, काळोखात काटे चमकणारं.

"मी आणलंय हो एक," अप्पा म्हणाले.

"अय्या, हो का? मग ते घरात वापरेल ना तो. जिमला वगैरे."

शलाकाला शिसारी आली. श्रीमंतांनी हिणवावं हे तिला नवं नव्हतं. पण हे हिणवणं इतकं तुपात तळलेलं आणि पिठीसाखर पेरलेलं होतं की त्याला नाव ठेवायला जागाच नव्हती. ती काहीतरी बोलणार, तोच अप्पांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती गप्प बसली. लग्नघरात मुलीच्या बापाची ती नजर सगळ्या मुली ओळखतात.

"द्या," अप्पा म्हणाले. "माझ्या हातानं बांधलं म्हणजे माझंच झालं की. पण विहीणबाई, माझं एक मागणं आहे. उद्या समुद्राच्या अंगाला दिवा नको. भिंतीखाली कासवाचं घरटं आहे. पिल्लं आता कधीही बाहेर पडतील."

"भाऊ, एकही दिवा लागणार नाही! अख्खं लॉन काळोखात ठेवायचंय, निहारनं डेकोरेटर्सना कालच बजावून ठेवलंय."

अप्पांचा चेहरा असा काही फुलला की शलाकाला मघाचा राग गिळणं सोपं गेलं. माणसं उथळ असतील, पण दुष्ट नाहीत, असं तिनं स्वतःला समजावलं. लग्नाच्या आदल्या दिवशी माणूस स्वतःला बरंच काही समजावतो.

पेटीतलं घड्याळ तिच्या ओळखीचं होतं. त्याचं अर्धं पोट तिनंच भरलं होतं.

आकाश दाखवणारी मनगटी घड्याळं हा पैसेवाल्यांचा जुना शौक. चंद्राची कला, सूर्योदयाची वेळ, नक्षत्रांची फिरती तबकडी, हे सगळं केसाएवढ्या दातांच्या चाकांवर चालवायचं, तेही बॅटरीशिवाय. त्यात अवघड काही असलं तरी अशक्य काही नाही, कारण चंद्र-सूर्य लहरी नाहीत. दातांचा हिशेब एकदा जमला की घडवणारा मेला तरी चाकं चंद्राबरोबर चालत राहतात. अशी घड्याळं बनवणाऱ्या, हर्डीकरांच्या पुण्यातल्या 'वेधशिल्प' कंपनीत शलाका साळवी चाकांचं गणित करायला लागली, तेव्हा तिला ते काम देवपूजेसारखं वाटत असे.

मग बाजारात 'स्वतारा' आला. घड्याळाबरोबर गिऱ्हाइकाला आकाशात स्वतःचा तारा. तारा म्हणजे काय, तर चकचकीत पापुद्र्याचा एक भलामोठा आरसा, साडीसारखा घडी घालून वर न्यायचा आणि पृथ्वीभोवती फिरत असताना उलगडायचा. सांजेला आणि पहाटे जमिनीवर अंधार असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असतं. ते ऊन आरसा खाली फेकतो. मालकाच्या मनगटावर एक हिऱ्याचा काटा क्षितिजरेषेवर चढू लागतो आणि त्याच वेळी त्याचा तारा खरोखर उगवतो. निदान तशी जाहिरात होती.

प्रत्यक्षात तारा वेळेवर उगवेना. तिथे वरही विरळ हवा असते आणि सूर्य तापला की ती फुगते. आरशाला ती घासते, आरसा जरा खाली उतरतो, खाली उतरला की जोरात पळतो आणि वेळेआधीच येऊन निघून जातो. दातांच्या चाकांना हा लहरीपणा कळायचा कसा? एक मोठे शेठ पाहुणे गोळा करून गच्चीवर उभे राहिले, हिऱ्याचा काटा उगवला, पण त्यांचा तारा केव्हाच मावळला होता. शेठ संतापले. कंपनीतले इंजिनियर हैराण झाले.

तोडगा शलाकाला सुचला. एका मीटिंगमध्ये ती अर्धवट थट्टेनं म्हणाली, "घड्याळ कशाला दुरुस्त करायचं? तारा दुरुस्त करू." घड्याळाची टिकटिक टिपून वर पाठवायची. आरसा त्याप्रमाणे जरासा कलायचा, उन्हाचाच रेटा घेऊन वेग कमी-जास्त करायचा आणि काटा म्हणेल त्या क्षणाला हजर व्हायचा. चावी फिरवली की तारा पुढे-मागे. चावी बाहेर ओढून घड्याळ थांबवलं की आरसा तोंड फिरवणार. हरवलेल्या, चोरीच्या घड्याळाचा तारा बेवारस जळत राहू नये म्हणून ही सोय तिनंच ठेवली होती.

हजारो वर्षं माणसानं आकाश पाहून घड्याळ लावलं. शलाकानं घड्याळ पाहून आकाश लावून दाखवलं. कंपनीनं तिचा सत्कार केला, विभाताईंनी स्वतः तिला शाल पांघरवली आणि सत्काराच्या चहाला निहार तिच्याशी पहिल्यांदा बोलला. खगोलशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या जुन्या सरांनी मात्र फोन केला नाही. तिला ते लागलं होतं, पण तेव्हा तिला वाटलं, सरांना हेवा वाटला असेल.

आता सांज झाली की शुक्राच्या आधी मालक लोक उगवतात. कारखानदार, आमदार, कुणा नटाची तिसरी बायको. शेंबडी पोरंसुद्धा आकाशाकडे बोट दाखवून आडनावं सांगतात. लग्नात भटजी नवरीला अरुंधती दाखवतात ती या झगमगाटात नुसती अंदाजानं, आणि नवरी दिसली म्हणते.

सीमांतपूजनाला निघण्याआधी अप्पा शलाकाला किनाऱ्यावर घेऊन गेले. अप्पांची सगळी नोकरी दीपगृहावर गेली. जन्मभर दिवा सांभाळलेला माणूस निवृत्त झाल्यावर काळोख सांभाळायला लागला, कारण कासवांना काळोख लागतो. रिसॉर्टच्या भिंतीखाली जाळीनं वेढलेलं घरटं होतं. मधली वाळू ताटलीएवढी खचली होती.

"बघ बाय," अप्पा म्हणाले. "वाळू बसली म्हणजे आत पोरं अंड्यांतनं सुटली. एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन वर येतायत. उद्या सांजेला वाळू गार झाली की निघतील."

हे घरटं उशिरा सापडलं होतं. अंडी घातल्या घातल्या हलवली तर जगतात, नंतर गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं नुसतं फिरलं तरी मरतो. म्हणून अप्पांनी ते जागेवरच ठेवलं आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखलं होतं. लेकीचं लग्न ठरल्यापासून त्यांचा अर्धा जीव इथे आणि अर्धा तिथे होता.

"उद्या तुम्ही मांडवात अडकणार. मग?"

"उभं राहायच्या आधी जाळी उघडून ठेवतो. काळोख असला की त्यांना माझी गरज नाही गो. पाण्याची रेघ जमिनीपेक्षा उजळ असते, ती बघून धावत सुटतात. उजेड दिसेल तिथं समुद्र, एवढंच त्यांना ठाऊक." मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या घड्याळातला तारा उशिरा आला तर काय करतात?"

"येत नाही अप्पा. घड्याळ म्हणेल तेव्हाच येतो."

अप्पांनी पाण्याकडे बोट केलं. "जहाजं आमच्या दिव्याकडं बघून चालायची," ते म्हणाले, "पण आम्ही जळायचो ते जहाजांसाठी. यांचा तारा कुणासाठी जळतो?"

तेवढ्यात चपला हातात घेऊन निहार वाळूतून आला. गेल्या वर्षी याच वाळूवर तो पोटावर आडवा पडला होता. एक पिल्लू लाटेत शिरेपर्यंत त्याच्या बरोबरीनं कोपरांवर सरपटत गेला होता आणि उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. शलाकानं लग्नाचं मनावर घेतलं ते त्या दिवशी.

"निहार, एक खरं सांग," ती म्हणाली. "तुझा तारा उद्या इथे आणणार नाहीस ना? तो साधा तारा नाही. त्याचा पापुद्रा किती मोठा आहे ते मला माहितेय. पौर्णिमेच्या कितीतरी पट उजेड पडेल."

"वेडी आहेस का? तो पुण्याच्या रिसेप्शनला. इथे अप्पांची पिल्लं आहेत." त्यानं खाली बसून खचलेल्या वाळूवर अलगद तळवा ठेवला. "आईशप्पथ."

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जावई गुणाचा मिळाला असं त्यांनी त्या रात्री बायकोला दोनदा सांगितलं.

त्याआधी स्टेजवर त्यांनी जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं. बक्कल नाजूक होतं आणि अप्पांची बोटं जाड. ते लागेना तसा निहारनंच दुसऱ्या हातानं आधार दिला. माईकवाली मुलगी किंचाळली, "वधुपित्याकडून जावईबापूंना स्वतारा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे वाकून वाकून डायल पाहू लागले. शलाकाचे काका अप्पांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "भाऊ, छुपे रुस्तम निघालात!" अप्पा हसले. ते हसू पाहून शलाकाला तिथल्या तिथे दागिने उतरवून निघून जावंसं वाटलं. अप्पा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि लेकीच्या सासूनं त्यांना हसत हसत स्टेजवर खोटं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या लग्नात दोन गोष्टी शलाकाच्या लक्षात यायला हव्या होत्या. ज्योतिषांनी मुहूर्त गोरजाचा न काढता अंधार पडल्यावरचा काढला होता. आणि मांडव, गालिचे, खुर्च्या, पायऱ्या, सगळं पांढरंशुभ्र होतं. जिथे एकही दिवा लागणार नाही तिथे इतकं पांढरं कुणासाठी? पण नवरीला लग्नाच्या दिवशी विचार करायला कोणी मोकळं सोडत नाही.

अंधार पडला. खरोखरच एकही दिवा नव्हता. अप्पांनी जाळी उघडली आणि निर्धास्त मनानं मांडवात येऊन उभे राहिले. शलाका पाटावर चढली. समोर अंतरपाट होता, तोही हर्डीकरांच्या इतमामाला साजेसा. काळ्यानिळ्या जाड मखमलीचा, चांदीच्या तारेनं नक्षत्रं भरलेला, कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून चांगला दांडगा. दोन टोकांना काठ्या लावून दोन गुरुजींनी तो पेलला होता. पलीकडे निहार होता. शलाकाच्या मावशीनं मंगलाष्टकाला सूर लावला. तो नेहमीप्रमाणे भलत्याच पट्टीत लागला आणि काळोखात कुणीतरी खुदकन हसलं.

मग मखमलीवर शलाकाला स्वतःच्या मुंडावळ्यांची सावली दिसली. आधी फिकट, मग काळी, मग कातरीनं कापल्यासारखी धारदार.

मांडवभर "आहाहा" झालं. तिला वर पाहावंही लागलं नाही. सावलीच्या त्या कडा तिच्या ओळखीच्या होत्या. चाचणीच्या वेळी तिनंच त्या मोजल्या होत्या. लॉन पांढरं पेटलं. समुद्रावरही उजेड पडत होता, पण पाणी उजेड गिळतं आणि पांढरा मांडव तो परत फेकतो. त्या किनाऱ्यावर आता मांडवाइतकं उजळ काहीच नव्हतं.

"सरप्राइज, शलू!" पलीकडून निहार कुजबुजला.

"तू शपथ घेतली होतीस."

"अगं, आपलं लग्न एकदाच होणार. पिल्लं काय, दरवर्षी होतात."

काय बोलला हा! आणि बोलला तोही लाडात. ज्या आवाजात त्यानं तिला मागणी घातली होती, त्याच आवाजात.

अंतरपाटाखालून तिला त्याच्या मोजड्या दिसत होत्या. त्या मोजडीशेजारून काहीतरी काळं, सुपारीहून जरासं मोठं, गालिच्यावरून वल्ही मारत आलं आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला येऊन थडकलं. त्याच्या मागून आणखी एक आलं. तिनं मान वळवली. वाळूतून, पायऱ्यांच्या उतारावरून, पांढऱ्या गालिच्यावर काळे ठिपके चढत येत होते. सगळे झपाट्यानं, सगळे एका दिशेनं, नवरदेवाकडे.

"झुरळं! झुरळं!" एक बाई किंचाळली आणि खुर्चीवर चढली. पुढच्या रांगेतल्या कुणा सुटाबुटातल्या गृहस्थानं बूट आपटला. तो आवाज शलाकाला मंगलाष्टकातूनही ऐकू आला. मग कुणीतरी ओरडलं, "झुरळं नाहीत, कासवं आहेत! सो क्यूट!" आणि ते आणखी वाईट झालं. माणसं वाकली, पिल्लांना उलटं करून तळव्यावर घेऊ लागली, एकीनं अक्षतांच्या तबकात ठेवून फोटो काढला. पुढे धावणाऱ्यांच्या टाचांखाली काय येतंय ते कुणी पाहत नव्हतं. अत्तराच्या वासात ओल्या वाळूचा आणि कसलासा कच्चा वास मिसळला. शलाकाला या माणसांची, त्यांच्या गोड हसण्याची, त्यांच्या पांढऱ्या गालिच्याची अशी किळस आली की तिनं तोंडावर हात धरला.

"झाडू आणा रे कुणीतरी," विभाताईंचा शांत आवाज आला. "पाहुण्यांच्या पायात येतायत. आणि कॅमेरा वरच ठेवा, ताऱ्यावर."

अप्पा गुडघ्यांवर होते. नवं उपरणं पसरून दोन्ही हातांनी पिल्लं वेचत होते. मध्येच त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं आणि मग निहारच्या मनगटाकडे. कालच त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं घड्याळ तिथे चमकत होतं. त्यांना सगळं कळलं, हे शलाकाला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"निहार, चावी ओढ. बंद कर ते."

"आत्ता? शलू, लाइव्ह चालू आहे. गुंतवणूकदार बघतायत. मावळेलच तो थोड्या वेळात."

"पिल्लं मरतायत."

"मग अप्पांना सांग ना पटपट उचलायला!"

शलाकानं अंतरपाटाखालून हात घातला. डावीकडचे गुरुजी गाणं सोडून दचकले, "अहो ताई, स्पर्श नको! अंतरपाट आहे अजून!" तिची बोटं निहारच्या मनगटापर्यंत पोचली. त्याला वाटलं ती हात धरायला आली. त्यानं लाडानं तिची बोटं दाबली. तिनं अंगठ्यानं घड्याळाची कड चाचपली, चावीच्या खाचा तिला लागल्या. या खाचा किती खोल असाव्यात यावर तिनं कधीकाळी आठवडे घालवले होते. तिनं चावी ओढली. इतक्या जोरानं ओढली की दांडीसकट ती तिच्या मुठीत आली.

टिकटिक थांबली. वर आरशानं तोंड फिरवलं.

काळोख झाला. मावशीही थांबली. त्या शांततेत लाट फुटल्याचा आवाज आला आणि लॉनच्या पलीकडे पाण्याची रेघ दिसू लागली, अगदी फिकट. तिच्या पायाशी अडखळलेलं पिल्लू थबकलं, वळलं.

आणि त्याच क्षणी कुणीतरी ओरडलं, "अरे, लाइट लावा!" शेकडो हात वर झाले, शेकडो मोबाइलचे टॉर्च लागले. पिल्लू पुन्हा वळलं.

शलाका पाटावरून उतरली. गुरुजींच्या हातातून तिनं काठी हिसकली, दुसऱ्या गुरुजींनी भीतीनंच आपली सोडली, आणि ती जड मखमल ओढत ती वाळूच्या पायऱ्यांकडे धावली. अप्पांना सांगावं लागलं नाही. त्यांनी दुसरं टोक उचललं. बापलेकींनी मांडव आणि किनारा यांच्यामध्ये अंतरपाट ताणून धरला. जाड मखमलीतून टॉर्चचा एक किरण इकडे येईना. इकडच्या बाजूला खरा काळोख होता आणि खाली पाण्याची रेघ. शलाकाच्या आईनं विधीच्या सुपातले तांदूळ आणि हळकुंडं उधळून दिली, गालिच्यावर वाकून हाताला लागतील ती पिल्लं सुपात भरली आणि अंतरपाटाच्या अलीकडे आणून वाळूत ओतली. काही हलत नव्हती. जी हलत होती ती क्षणभर थांबली आणि समुद्राकडे पळत सुटली. आई पुन्हा आत गेली, पुन्हा सूप भरून आली.

मखमलीखाली निहारच्या मोजड्या येऊन थांबल्या.

"शलू, झालं ना आता तुझं? चावी दे. गुरुजी म्हणतात, मुहूर्त अजून टळला नाही. खाली घे तो अंतरपाट."

शलाकानं काठी घट्ट धरली. चावी तिच्या मेंदीच्या तळव्यात रुतत होती.

"शलाका!" विभाताईंचा आवाज आला. "लोक बघतायत. भाऊ, तुम्ही तरी सांगा तिला. तुमच्यासाठी आम्ही काय काय केलंय!"

अप्पांनी अंतरपाटाआडून पलीकडे पाहिलंही नाही. "बाय," ते हळूच म्हणाले, "हात भरून आले असतील तर सोड. मी एकटा धरीन कसाबसा. तुझं लग्न आहे. तुझ्या मनात असेल तसं कर."

"अप्पा, तुमचं घड्याळ आहे ना खिशात?"

"आहे."

"वेळ टळली की सांगा."

अप्पांनी एका हातानं काठी पोटाशी आवळली, दुसऱ्या हातानं खिशातून स्टीलचं घड्याळ काढलं. काळोखात काटे हिरवे चमकले. पलीकडे निहार काहीतरी बोलत होता, मग चिडून बोलायला लागला, मग बोलायचा थांबला. आई आणखी एक सूप ओतून गेली. लाटेच्या कडेला एकामागून एक ठिपके नाहीसे होत होते. अप्पा घड्याळाकडे पाहत राहिले.

"टळली गो," ते म्हणाले.

शेवटचं पिल्लू अजून वाळूतच होतं, एका पायानं लंगडत. शलाकानं हात आणखी थोडे वर केले.